‘दोन वर्षे वाळवलेले’ जळण विकत घेताना

प्रश्न थोडक्यात असा: घर उबदार ठेवण्यासाठी बंद दाराची नवी शेगडी बसवली. विक्रेत्याने ‘दोन वर्षे वाळवलेले’ म्हणून गाडीभर लाकूड आणून टाकले. पण ते लवकर पेट घेत नाही, टोकांतून फेस येतो, शेगडीची काच दोन दिवसांत काळी पडते. दोष शेगडीत आहे की लाकडात? आणि पुढच्या वेळी घेताना काय पाहायचे?

दोष लाकडात आहे. टोकांतून फेस येतोय, जळताना सूं-सूं आवाज होतोय, म्हणजे आतले पाणी उकळून वाफेच्या रूपाने बाहेर पडते आहे. याहून वेगळा पुरावा नको. शेगड्या बसवणे आणि धुराडी साफ करणे हे माझे कामच आहे, आणि ‘शेगडी ओढत नाही हो’ अशी तक्रार आली की मी आधी जळण बघतो, मग शेगडी. बहुतेक वेळा शेगडीपर्यंत जावे लागत नाही.

विक्रेता खोटे बोलला असेलच असे नाही. दोन वर्षे झालीही असतील, पण ती कुठून मोजली? झाड तोडले त्या दिवसापासून मोजली असतील, तर त्याला फारसा अर्थ नाही. लाकडातल्या नळ्या खोडाच्या लांबीच्या दिशेने जातात, त्यामुळे पाणी कापलेल्या टोकांतून जितके झपाट्याने निघते तितके अंगातून निघत नाही. फरक दहापट किंवा त्याहून जास्त असतो. त्यात साल पाणी अडवते. सालीसकट जमिनीवर पडून राहिलेला जाड ओंडका दोन वर्षांनीसुद्धा आतून ओलाच असतो, कधी कधी कुजायलाही लागलेला असतो. मग मागच्या आठवड्यात तो फोडला, गाडीत भरला आणि ‘दोन वर्षांचे’ म्हणून पाठवला. म्हणून किती जुने हे विचारू नका. विचारा, फोडून किती महिने झाले, आणि फोडल्यावर कसे ठेवले होते? रचून, वरून झाकून, वाऱ्यावर ठेवले असेल तर त्या महिन्यांना किंमत आहे. मोकळ्यावर ढीग मारून ठेवले असेल तर ढिगाच्या पोटातले लाकूड वाळलेले नसते. ओल्या कपड्यांचा बोळा आणि दोरीवर टाकलेले कपडे यांत जो फरक, तोच इथे.

आता ओलीचे आकडे, कारण त्याशिवाय व्यवहार होत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे असू शकते. पॉप्लर, विलोसारख्या मऊ झाडांत त्याहून जास्त, अ‍ॅशमध्ये साधारण एक तृतीयांश. जळणासाठी ते २० टक्क्यांच्या आत आलेले हवे. हा आकडा कुणाच्या लहरीतून आलेला नाही. इंग्लंडमध्ये २०२१पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या नियमानुसार २ घनमीटरपेक्षा कमी जळण विकायचे असेल, तर ओल २० टक्के किंवा त्याहून कमी असल्याचे प्रमाणपत्र लागते. त्याहून मोठ्या गाडीसोबत ‘हे आधी वाळवा’ अशी सूचना द्यावी लागते. म्हणजे मोठी खरेदी ओली असणार हे कायद्यानेही गृहीत धरले आहे. तुम्हीही धरा.

इथे एक गोम आहे आणि त्यावरून विक्रेता व गिऱ्हाईक यांची हुज्जत ठरलेली. ओल दोन पद्धतींनी सांगतात. समजा, पूर्ण कोरडे लाकूड १ किलो आणि त्यात पाणी २५० ग्रॅम. कोरड्या लाकडाच्या हिशोबाने ओल २५ टक्के झाली. पण एकूण वजन १२५० ग्रॅम, त्या हिशोबाने ती २० टक्के. पाणी तेवढेच, आकडे दोन. जळणाच्या नियमांतला आकडा एकूण वजनाचा असतो. बाजारात मिळणारे, लाकडात पिना रोवून ओल मोजणारे बहुतेक मॉइश्चर मीटर मात्र कोरड्या लाकडाचा हिशोब दाखवतात. म्हणून मीटरवर २५पर्यंत आले तरी ते लाकूड जळण म्हणून चालण्यासारखे असते, आणि मीटरवरच २०च्या आत आले तर उत्तम. मीटरच्या माहितीपत्रकात तो कोणता हिशोब दाखवतो हे लिहिलेले असते, एकदा वाचून ठेवा.

ओल्या लाकडाने नेमके काय बिघडते, याबद्दल बऱ्याच जणांचा समज अर्धवट असतो. ‘पाणी उकळण्यात उष्णता वाया जाते’ हे खरे, पण तो तोट्याचा छोटा भाग आहे. पूर्ण कोरड्या लाकडाच्या किलोत साधारण १८.५ मेगाज्यूल उष्णता असते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.४ मेगाज्यूल लागतात. म्हणजे लाकूड निम्मे पाण्याचे असले तरी वाफेत जाणारी उष्णता तेरा टक्क्यांच्या आसपास भरते. खरी हानी पुढे होते. पाणी निघेपर्यंत लाकडाचा पृष्ठभाग १०० अंशांच्या फार वर जात नाही, आग थंड राहते. लाकूड तापले की त्यातून वायू सुटतात, आणि लाकडाच्या एकूण उष्णतेतला मोठा वाटा या वायूंच्या जळण्यातून येतो. आग थंड असली की ते पेटतच नाहीत, धूर होऊन वर जातात. धुराड्याची आतली बाजू साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर त्या धुरातली वाफ आणि डांबरी द्रव्ये तिथे गोठून बसतात. त्यालाच क्रिओसोट म्हणतात. आधी भुरभुरीत, मग कुरकुरीत पापुद्रे, आणि शेवटी काचेसारखा चकचकीत काळा थर, जो ब्रशने निघत नाही. एखाद्या दिवशी कोरडे लाकूड लागून मोठी आग झाली की हा थर पेट घेतो. धुराड्यातली आग १००० अंशांच्या वर जाऊ शकते आणि विटांच्या सांध्यांना तडे पाडते. शेगडीची काळी पडलेली काच ही त्याची आगाऊ सूचना आहे. काचेवर जे बसते तेच वर धुराड्यातही बसते, फक्त तिथले दिसत नाही.

वजनावर लाकूड घेणाऱ्याला मात्र पाण्याचा दुहेरी फटका बसतो. १००० किलो लाकूड २० टक्के ओलीचे असेल तर त्यात ८०० किलो लाकूड आणि सुमारे ४००० युनिट (किलोवॅट तास) उष्णता मिळते. तेच ४० टक्के ओलीचे असेल तर लाकूड ६०० किलो, उष्णता सुमारे २८०० युनिट, उरलेले ४०० किलो पाणी. पैसे दोन्हीकडे हजार किलोचेच मोजले. त्यामुळे ओलीची खात्री नसताना वजनावर घेऊ नये, रचलेल्या घनमापावर घ्यावे. वाळताना लाकूड थोडेच आकसते, म्हणून मापात पाण्याची फसवणूक होत नाही.

मापात दुसरी फसवणूक होते, ती हवेची. ‘एक घनमीटर’ म्हणताना तो रचलेला की गाडीत नुसता ओतलेला, हे लिहून घ्या. ओतलेला एक घनमीटर नीट रचला की साधारण ०.६ ते ०.७ घनमीटर भरतो. कॉर्ड हे माप जिथे चालते तिथे त्याची व्याख्या पक्की आहे: ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब रचलेली थप्पी, म्हणजे १२८ घनफूट किंवा सुमारे ३.६ घनमीटर. पण ‘फेस कॉर्ड’ म्हणून जे विकतात त्याची खोली फक्त एका तुकड्याच्या लांबीइतकी असते. १६ इंची तुकडे असतील तर तो कॉर्डचा तिसरा हिस्सा. ‘एक गाडी’, ‘एक मोठी पिशवी’ ही मापेच नाहीत.

आता गाडी दारात उभी आहे असे समजा. उतरवून घेण्याआधी पाच-सहा तुकडे काढा. वरचे नकोत, वरचे नेहमीच चांगले दिसतात. ढिगाच्या मधले काढा, त्यातही जाड असतील ते. प्रत्येक तुकडा कुऱ्हाडीने मधोमध फोडा. मीटरच्या पिना त्या ताज्या फाकलेल्या बाजूवर, तुकड्याच्या लांबीच्या मध्यावर, धाग्याच्या दिशेने दाबून रोवा. बाहेरून किंवा टोकाला मोजलेला आकडा निरुपयोगी असतो, तिथे सगळेच लाकूड पंधरा-सोळा दाखवते. सरासरी काढत बसू नका. सहांपैकी चार १८ आणि दोन ३२ आले, तर गाडीत दोन वेगवेगळ्या वेळचे लाकूड मिसळले आहे हे समजा. एक-दोन टक्क्यांवरून वाद घालू नका, तेवढी या मीटरची अचूकताच नाही. तिशीच्या पुढचे आकडे तर नुसते ‘ओले आहे’ एवढेच सांगतात, किती ओले ते नाही. गारठलेले लाकूड प्रत्यक्षाहून कमी आकडा दाखवते आणि गोठलेले तर साफ खोटा, म्हणून कडाक्याच्या थंडीत दोन तुकडे रात्रभर घरात ठेवून मग मोजावेत.

आणि हो, पावसात भिजून आलेले लाकूड पाहून गाडी परत पाठवू नका. आतून वाळलेल्या लाकडावर वरून पाऊस पडला तर ती ओल वरवरची असते, वाऱ्यावर काही दिवसांत जाते. फोडून आतला आकडा बघा, निर्णय त्यावर.

मीटर नसेल तर घरचा वजनकाटा आणि ओव्हन पुरतो, आणि हा हिशोब मीटरपेक्षा खरा निघतो. तुकड्याच्या मधून दोन-तीन सेंटिमीटर जाडीची चकती कापा, लगेच वजन करा. मग १०० ते १०५ अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा आणि वजन घटायचे थांबेपर्यंत अधूनमधून काढून तोला. समजा, २४० ग्रॅमची चकती १८० ग्रॅमवर थांबली. ६० ग्रॅम पाणी गेले, २४० पैकी ६०, म्हणजे एकूण वजनाच्या २५ टक्के ओल (कोरड्या हिशोबाने ३३). असे लाकूड या हंगामात जाळायचे नाही.

जुनीजाणती माणसे बघून सांगतात, तेही काही अंशी खरे असते. एकाच जातीचे, सारख्या आकाराचे दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर वाळलेले खणकन वाजतात, ओले बद्द वाजतात. ताज्या फाकलेल्या बाजूला आंबूस वास आला, हात लावल्यावर गार लागली तर ओल आहे. टोकांवरच्या भेगांवर मात्र माझा विश्वास नाही. पेशींच्या पोकळीतले मोकळे पाणी संपून भिंतींमधले पाणी निघू लागले की लाकूड आकसते आणि भेगा पडतात. पण टोके काही आठवड्यांतच त्या टप्प्याला येतात, पोट तेव्हा ओलेच असते. राखाडी रंग उन्हापावसाने येतो, वाळण्याने नव्हे. एका टोकाला साबणाचे पाणी लावून दुसऱ्या टोकाने फुंकायचे आणि बुडबुडे आले तर लाकूड वाळले समजायचे, अशी एक युक्ती फिरत असते. तिच्यावरून फार तर लाकडाची जात कळेल: काही जातींच्या ओकमध्ये नळ्या मुळातच बुजलेल्या असतात, त्यातून कितीही वाळले तरी बुडबुडा येणार नाही.

कोणत्या झाडाचे लाकूड घ्यावे, यावर लोक तासन् तास बोलतात. मी थोडक्यात आवरतो. किलोमागे उष्णता सगळ्या लाकडांत जवळपास सारखीच असते, राळ असलेल्या सूचिपर्णी झाडांत किंचित जास्त. फरक घनतेचा आहे. ओक, बीच, अ‍ॅश, बाभूळ, सुरू अशी जड लाकडे एका थप्पीत जास्त किलो बसतात आणि त्यांचे निखारे टिकतात. पाइन, स्प्रूस, पॉप्लर लवकर पेटतात आणि लवकर संपतात. ‘पाइनने धुराडे तुंबते’ ही समजूत आहे. ओल्या पाइनने तुंबते, तसे ओल्या ओकनेही तुंबते. जातीचा खरा संबंध वेळेशी आहे. अ‍ॅश किंवा बर्च नीट फोडून रचले तर एका उन्हाळ्यात तयार होते. ओकला दोन उन्हाळे द्यावे लागतात. बर्च फोडल्याविना ठेवू नका, त्याची साल इतकी घट्ट की आतल्या आत कुजते. निलगिरी ओली असतानाच फोडून घ्या, वाळल्यावर तिचे पीळदार धागे कुऱ्हाडीला दाद देत नाहीत.

भट्टीत वाळवलेले लाकूड महाग असते. पहिल्या हिवाळ्याला ते घेण्यात शहाणपण आहे, कायम घेण्यात नाही. तेही फोडून मोजाच, कारण घाईने वाळवलेल्या जाड तुकड्याचा गाभा ओला सापडतो. आणि लाकूड हवेतली ओल परत ओढून घेते. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर ते कोरड्या हिशोबाने १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, ९० टक्के असेल तर २०च्या आसपास. दमट कोपऱ्यात ठेवलेले भट्टीचे महागडे लाकूड काही आठवड्यांत सादळते आणि साध्या वाळलेल्या लाकडाच्या पंक्तीला येऊन बसते.

किती घ्यायचे याचा हिशोब असा. २० टक्के ओलीच्या लाकडात किलोला सुमारे ४ युनिट. शेगडीची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर घरात येतात ३. शेगडी ५ किलोवॅटने रोज सहा तास चालवली तर ३० युनिट, म्हणजे दिवसाला १० किलो. १२० दिवसांचे १२०० किलो. जड लाकडाच्या रचलेल्या घनमीटरमध्ये साधारण ४५० ते ५०० किलो बसतात, तेव्हा अडीच घनमीटर रचलेले किंवा चार घनमीटर ओतलेले. तुमच्या शेगडीचे आकडे घालून करा. तुकड्याची लांबी शेगडीच्या आतल्या मापापेक्षा पाच सेंटिमीटर कमी सांगा, आणि जाडी हाताच्या पंजात मावेल इतकी, ८ ते १२ सेंटिमीटर.

जागा असेल तर मी सरळ सांगतो, वाळवलेले लाकूड शोधत फिरू नका. हिवाळा संपता संपता ओले लाकूड ओले म्हणूनच घ्या, ते स्वस्त पडते, आणि स्वतः वाळवा. जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर उंच फळ्यांवर, भिंतीला चिकटवून नाही, वाऱ्याच्या तोंडी. वरून पत्रा, बाजू मोकळ्या. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आतली वाफ आतच राहते आणि बुरशी धरते. पहिल्या दिवशी दोन-तीन तुकड्यांवर पेन्सिलीने वजन आणि तारीख लिहून थप्पीच्या मध्यावर, बाहेर ओढता येतील असे ठेवा. महिन्यातून एकदा तोला. वजन घटायचे थांबले की हवेला शक्य तेवढे लाकूड वाळले. लांबून आणलेले जळण टाळा, त्यातून किडी प्रवास करतात. अमेरिकेत मिशिगनमध्ये २००२ साली सापडलेला अ‍ॅशची झाडे मारणारा हिरवा भुंगा पुढे दूरदूर पसरला, त्यात जळणाच्या वाहतुकीचा मोठा वाटा होता.

राहिला प्रश्न दारात पडलेल्या या गाडीचा. आतून मीटरवर २५ ते ३०च्या दरम्यान निघाले तर सगळे वाया गेले नाही. आणखी बारीक फोडा, मनगटाएवढे, आणि हवेशीर छपराखाली सैल रचा. आठवड्याभराचे घरात आणून ठेवा, पण शेगडीला टेकवून कधीही नाही. दाबलेल्या भुशाच्या कोरड्या विटा मिळत असतील तर त्यांच्यावर आग आधी चांगली रसरशीत करा, मग एखादा तुकडा टाका. हवेची झडप रात्री बंद करून लाकूड धुमसत ठेवायची सवय असेल तर या हंगामापुरती पूर्ण सोडा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म खोलीत हवाच. धुराडे एरवी वर्षातून एकदा साफ करत असाल तर या वर्षी हंगामाच्या मध्यावर आणखी एकदा करून घ्या. तिशीच्या वरचे जे निघेल ते बाजूला काढून पुढच्या वर्षासाठी रचा. कोरडे मिळेना म्हणून रंग दिलेली, प्लायवूडची किंवा कीड लागू नये म्हणून औषध मारलेली लाकडे त्याच्या जागी घालू नका; जुन्या औषधी लाकडांत तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक असते, ते धुरात जाते आणि राखेतही उरते.